पेशीतलं रेडॉक्स मोजायचंय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

जिवंत पेशीत ऑक्सिडेशन-रिडक्शन (म्हणजेच रेडॉक्स) कुठे आणि किती चाललंय ते चमकणाऱ्या प्रोटीनच्या सेन्सरने कसं मोजतात यावर बरेच प्रश्न आलेत, काही अगदी मुळातले आणि काही थेट मायक्रोस्कोपसमोर बसून विचारलेले. निवडक घेतलेत.

जीएफपी (ग्रीन फ्लुरोसंट प्रोटीन) नुसतं हिरवं चमकतं ना? त्याला रेडॉक्स कसं काय कळतं? (बीएस्सीचा विद्यार्थी)

साध्या जीएफपीला नाहीच कळत. २००४ मधे अमेरिकेत रेमिंग्टन आणि त्सिएन यांच्या ग्रुप्सनी त्यात १४७ आणि २०४ या जागांवर दोन सिस्टीन (सल्फर असलेलं अमिनो आम्ल) बसवले, झालं रोजीएफपी. ऑक्सिडाइज झालं की या दोघांच्या सल्फरमधे बंध जुळतो, रिड्यूस झालं की सुटतो, आणि त्या ओढाताणीत आतला क्रोमोफोर (चमकणारा भाग) कुठला प्रकाश जास्त शोषतो ते बदलतं. त्याचा रोजीएफपी२ हा प्रकार रिड्यूस असताना ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेझरने झकास चमकतं, ऑक्सिडाइज झालं की निळ्यात मंदावतं आणि ४०५च्या जांभळ्यात उजळतं. बाहेर पडणारा प्रकाश दोन्ही वेळा हिरवाच. म्हणून एकाच जागेचे दोन फोटो घ्यायचे आणि भागाकार करायचा, तोच रेशो. एका पेशीत सेन्सर कमी बनला, दुसरीत जास्त बनला, तरी भागाकारात ते जवळपास उडून जातं, खरी गंमत इथेच आहे.

आमच्या लॅबमधे सगळे डीसीएफडीए (ऑक्सिडाइज झाला की चमकणारा डाय) वापरतात, अर्ध्या तासात रीडिंग मिळतं. क्लोनिंगच्या भानगडीत कशाला पडायचं? (पीएचडी, दुसरं वर्ष)

रीडिंग मिळतं हो, पण कशाचं? हायड्रोजन पेरॉक्साइड त्या डायशी थेट जवळजवळ रिअ‍ॅक्टच होत नाही, मधे पेरॉक्सिडेज नाहीतर लोह लागतं, म्हणजे पेशीत मोकळं लोह वाढलं तरी तुमचा ग्राफ वर जाणार आणि तुम्ही लिहिणार की आरओएस (ऑक्सिजनचे रिअ‍ॅक्टिव्ह रेणू) वाढले. शिवाय डाय एकदा ऑक्सिडाइज झाला की परत फिरत नाही, आणि मायक्रोस्कोपचा प्रकाश पडला की स्वतःच चमकायला लागतो तो वेगळाच ताप. रोजीएफपी मागेपुढे दोन्हीकडे जातं आणि टॅग लावला की मायटोकाँड्रियातच जाऊन बसतं. २००८ मधे हायडेलबर्गला टोबियस डिक यांच्या लॅबने त्याला माणसाचं ग्लुटारेडॉक्सिन हे एन्झाइम जोडलं, त्यामुळे ते फक्त ग्लुटाथायोनशी (पेशीतला रेडॉक्स सांभाळणारा छोटा रेणू) बोलतं, पुढच्याच वर्षी यीस्टचं ओआरपी१ हे पेरॉक्साइड ओळखणारं प्रोटीन जोडलं तर ते पेरॉक्साइड सांगायला लागलं. म्हणजे काय मोजतोय हे तुम्हाला नाव घेऊन सांगता येतं. डीसीएफडीएचा उजळलेला फोटो बघून ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ लिहिणारे पेपर मी तरी पुढे वाचत नाही.

ग्लुटारेडॉक्सिनवाला रोजीएफपी२ ईआरमधे (एंडोप्लाझमिक रेटिक्युलम) पाठवला. पेरॉक्साइड दिलं, ड्रग दिलं, रेशो ढिम्म हलत नाही. सेन्सर खराब आहे का?

सेन्सर बरोबर आहे, जागा चुकली. रोजीएफपी२चं मिडपॉइंट पोटेन्शियल (जिथे अर्धा सेन्सर ऑक्सिडाइज असतो; आकडा शून्याकडे सरकेल तसं ऑक्सिडेशन जास्त) साधारण −२८० मिलिव्होल्ट. सायटोसॉलमधलं (पेशीतल्या द्रवातलं) ग्लुटाथायोन −३०० ते −३२०च्या आसपास असतं, म्हणजे नर्न्स्टच्या सूत्राने हिशोब केला तर −३१० ला सेन्सर जेमतेम ९ टक्के ऑक्सिडाइज असतो, वर चढायला भरपूर जागा. ईआरमधे गणित उलटं होतं. तिथे प्रोटीनचे डायसल्फाइड (सल्फर-सल्फर बंध) बनवायचं कामच चालतं, पोटेन्शियल −२०० ते −२१०च्या जवळ मोजलं गेलंय, त्यामुळे तुमचा सेन्सर बसल्या जागी ९९ टक्क्यांच्या वर ऑक्सिडाइज झालेला, आता त्याने अजून कुठे जायचं? तिथे रोजीएफपी१-आयएल घ्या, त्याचा मिडपॉइंट −२३०च्या जवळ आहे.

आणि कृपा करून प्रत्येक प्रयोगात कॅलिब्रेशन करा. शेवटी १० मिलिमोलर डीटीटी घालून पूर्ण रिड्यूस झाल्यावरचा रेशो घ्या, वेगळ्या डिशमधे डायअमाइड किंवा भरपूर पेरॉक्साइड घालून पूर्ण ऑक्सिडाइज झाल्यावरचा घ्या, तुमचं रीडिंग या दोघांच्या मधे कुठे पडतं ते बघा. हे केलं असतंत तर ईआरवालं कोडं पहिल्याच दिवशी सुटलं असतं, कारण रेशो वरच्या टोकाला चिकटलेला दिसला असता. सेन्सर नसलेल्या पेशींचाही फोटो हवाच, ४०५ ला पेशी स्वतःहूनही चमकते, आणि झाडाचं पान किंवा कृमीचं आतडं असेल तर विचारूच नका.

हायपर (पेरॉक्साइड मोजणारा सेन्सर) वापरतोय, ड्रग दिल्यावर पाच मिनिटांत सिग्नल दुप्पट. पेरॉक्साइड वाढलं असं लिहू का?

थांबा जरा. मॉस्कोच्या ग्रुपचं २००६चं हायपर पीएचलाही तितकंच हळवं आहे, ड्रगने पेशीचा पीएच थोडा वर सरकवला तरी अगदी असाच ग्राफ मिळेल. कंट्रोल म्हणून सायफर लावा, एक सिस्टीन बदललेलं तेच प्रोटीन, त्याला पेरॉक्साइड कळत नाही पण पीएच कळतो. दोन्हींत सारखीच उडी आली तर तो पीएच. नवीन सुरू करणाऱ्यांनी २०२०चं हायपर७ घ्यावं, ते पीएचला फारसं दाद देत नाही.

हे डिशमधल्या पेशींचं झालं. अख्ख्या प्राण्यात कोणी केलंय का? (शिक्षिका)

केलंय की, आणि खरी मजा तिथेच आहे. झेब्राफिश, मूळचा आपल्या उपखंडातलाच मासा, त्याचं तीन दिवसांचं पारदर्शक पिल्लू घेतात. २००९ मधे हार्वर्डच्या ग्रुपने त्यात हायपर घालून शेपटीला छोटा काप दिला. जखमेच्या कडेला पेरॉक्साइड वाढायला लागलं, आत पसरत गेलं, साधारण वीस मिनिटांत कळसाला पोचलं आणि पांढऱ्या पेशी तिथे पोचल्या त्या त्यानंतर! तोवर समज असा होता की जखमेतलं पेरॉक्साइड या पेशीच आल्यावर ओततात. इथे उलट निघालं, कडेच्या पेशीच ड्यूऑक्स एन्झाइमने ते बनवून त्यांना बोलावत होत्या.

२०११ मधे फळमाशीत बघितलं तर वय वाढलं म्हणून सगळीकडे ऑक्सिडेशन वाढतं असं काही दिसलं नाही, टिश्यूप्रमाणे वेगवेगळं. अख्खी माशी कुटून एकच आकडा काढणं म्हणजे वरण, भात, भाजी सगळं मिक्सरमधे फिरवून मीठ कशात जास्त पडलं ते विचारणं. ‘बॉडीतला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजून देतो’ म्हणणाऱ्या पॅकेजबद्दल दोघांनी विचारलंय, त्यांनाही माझं हेच उत्तर, पैसे वाचवा.

भारतात यावर काम होतं का?

होतं, आणि टीबीवर होतं. टीबीच्या जंतूत ग्लुटाथायोन नसतं, त्याच्या जागी मायकोथायोल असतं, म्हणून नेहमीचा सेन्सर तिथे मुका. बेंगळुरूच्या आयआयएससीतल्या अमित सिंग यांच्या ग्रुपने मायकोथायोलशी बोलणारं मायकोरेडॉक्सिन जोडून एमआरएक्स१-रोजीएफपी२ बनवला, पेपर २०१४चा. मॅक्रोफाजच्या (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या) आत बघितलं तर एकाच जातीचे जंतू, पण काही ऑक्सिडाइज, काही मधले, काही चांगलेच रिड्यूस्ड, आणि हे रिड्यूस्डवालेच औषधाला जास्त चिवट. २०१९ मधे त्यांनी दाखवलं की क्लोरोक्विनने मॅक्रोफाजमधलं आम्लीकरण अडवलं तर हा चिवटपणा कमी होतो, प्राण्यांतसुद्धा. प्राण्यांत, माणसांत नव्हे, तेव्हा कोणी मेडिकलमधे जाऊन क्लोरोक्विन मागू नका.

सेन्सरचं प्लास्मिड (त्याचं जीन असलेलं डीएनएचं वर्तुळ) कुठून मिळवायचं?

यातले बरेचसे अ‍ॅडजीन या प्लास्मिड बँकेत आहेत, नाहीतर ज्यांनी बनवलं त्यांना सरळ मेल करा. आधी तुमच्या संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी घ्या. आणि ऑर्डर द्यायच्या आधी मायक्रोस्कोपवाल्यांना विचारा ४०५चा लेझर चालू आहे का, बऱ्याच ठिकाणी तोच बंद पडलेला असतो.