गाताना गळा दाटला तर?

मी ऑनलाइन समुपदेशन करते. जुलै उजाडला की परदेशातल्या मराठी मंडळींकडून ठरलेला प्रश्न येतो. "मंडळाच्या १५ ऑगस्टला एकटीनं गायचंय. मधेच रडू फुटलं तर?" कोरसमध्ये काही होत नाही, माईक एकटीच्या हातात आला की घसा आवळतो. बहुतेकांना पुरतं ते आधीच सांगते. पट्टी उतरवा. कराओके ट्रॅक उंच असेल तर त्याच्यामागं फरफटू नका. घरातल्या चार माणसांसमोर उभं राहून म्हणा. आणि रडू दाबू नका, दाबलं की घसा आणखी धरतो.

इंग्लंडमधल्या एका बाईंना मात्र हे सगळं करूनही जमेना. लहानपणी रीतसर गाणं शिकलेल्या, सूर पक्का. निवडलेलं गाणं 'सागरा प्राण तळमळला'. पहिल्याच ओळीला आवाज जायचा.

मी जरा हुशारी केली. म्हटलं, "हे गाणं १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलंय. दूर राहणाऱ्याचंच गाणं आहे. तुमच्याइतका हक्क कुणाचा?"

त्या फटकन म्हणाल्या, "मॅडम, सावरकर परत यायला तळमळत होते. मी इथं राहायला अर्ज केलाय."

माझी हुशारी तिथंच संपली. मग हळूहळू निघालं. मार्चमध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून तो त्यांच्याकडे आला. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे, पण त्यावर भारतात मत देता येत नाही. "कुठल्या तोंडानं गाऊ? देश सोडणाऱ्यानं निदान रडायचं नाटक तरी करूच नये."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या घराण्यातली. आमच्याकडे बोलण्यातला 'च' आधी पकडतात, म्हणजे 'केलंच पाहिजे', 'करूच नये' हा हट्ट. म्हटलं, "अर्ज तुम्ही भरलात, खुशीनं भरलात. आठवण येऊच नये, असं त्यात कुठल्या रकान्यात लिहिलं होतं?"

स्क्रीनवर बराच वेळ काही हललं नाही. मला वाटलं नेट गेलं. मग त्या ड्रॉवरमधून तो कापलेला पासपोर्ट घेऊन आल्या आणि कॅमेऱ्यासमोर धरला. फोटो विशीतला, दोन वेण्या. "ही पण मीच ना?" एवढंच म्हणाल्या. मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांत हे एक मला बरं जमायला लागलंय.

ज्याला आपण स्टेजची भीती म्हणतो ती पुष्कळदा स्वतःवर भरलेल्या खटल्याची असते. तुमचंही असं असेल तर रियाज वाढवण्याआधी आरोप काय आहे ते कागदावर लिहून काढा. त्यांना मी पुढच्या वेळी मुद्दाम रडत, बेसूर गायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांना हसू आलं.

कार्यक्रमाच्या रात्री मेसेज आला : "दुसऱ्या कडव्याला आवाज फुटला. थांबले, पाणी प्यायले, पुढचं म्हटलं. चहाच्या रांगेत एका आजोबांनी विचारलं, पट्टी काळी दोन होती का?"