बॉबची नोकरी

प्रश्न : मुलांसाठी म्हणून ‘द इन्क्रेडिबल्स’ लावते आणि तेच उठून जातात, मी बसून राहते. चाळिशीत ॲनिमेशनपट इतका का आवडावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण तो तुमच्याच वयाच्या माणसांचा आहे! ब्रॅड बर्डच्या या २००४च्या चित्रपटात एकेकाळचा महानायक बॉब विमा कंपनीत दावे फेटाळायला बसलाय. एका आजींना नकार देऊन तो हळूच सांगतो, कोणता अर्ज कुठे न्यायचा. वर, रागावल्याचं नाटक करायला लावतो. मी विमा कचेरीत नोकरी केलीय, असे बॉब पाहिलेत. (आणि त्याच्या साहेबासारखे साहेबही.)

बॉबच्या घरच्यांच्या अचाट शक्तीही बघा ना. आई हेलन चहूकडे ताणली जाते, वयात येणारी व्हायोलेट अदृश्य होते. मुलांना मारामारी आवडते. मला जेवणाच्या टेबलावरचं भांडण. हेलन लांबलेल्या हातांनी पोरांना आवरतेय आणि नवरा स्वयंपाकघरात पेपर वाचतोय!

२०१८चा दुसरा भाग तितका जमलेला नाही. पण त्यात हेलन कामावर जाते आणि पोराचं नव्या पद्धतीचं गणित बॉबच्या गळ्यात पडतं. तेवढ्यासाठी तरी पाहाच.