भामरागडचे ७५ हजार की साताऱ्याचे ७० हजार?

प्रश्न: मी २५ वर्षांची आहे. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस आणि इंटर्नशिप झाली, बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष बाकी आहे. सातारा जिल्ह्यात घराजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ७० हजार मानधन आहे, गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्यात ७५ हजार. पुण्यातलं एक खासगी रुग्णालय आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून ८५ हजार द्यायला तयार आहे. शैक्षणिक कर्ज १४ लाख, व्याज साडेदहा टक्के, १० वर्षांची मुदत, १८,९०० रुपयांचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतोय. मला भामरागडला जायचंय. बाबा म्हणतात, पाच हजारांसाठी एवढ्या लांब कोण जातं? पुढे पीजी (पदव्युत्तर शिक्षण) करायचं आहे.

डॉक्टर, आधी पुण्याचा विषय संपवू. बॉण्ड न करता ती नोकरी धरलीत तर १० लाखांचा दंड डोक्यावर बसतो. खोलीचं भाडं, डबा, जाणं-येणं यात महिन्याला ३५ हजार गेले असं धरलं तर वर्षाला ६ लाख उरतात. बारा-बारा तासांच्या ड्युट्या करूनही दंड फिटणार नाही, आणि १४ लाखांचं कर्ज तसंच उभं. आरएमओची गरज पुण्याला पुढच्या वर्षीही असणार आहे. तेव्हा जा.

आता खरी निवड: सातारा की भामरागड. साताऱ्यात तुम्ही घरी राहाल. पेट्रोल, घरात द्यायची रक्कम आणि वरखर्च मिळून २० हजार धरा, ५० हजार उरतात. भामरागडला केंद्राच्या आवारात क्वार्टर मिळालं तर भाडं नाही, जेवणखाण आणि किरकोळ खर्च १५ हजारांत बसतो. पण घरी यायचं म्हणजे आधी भामरागडहून गडचिरोली, मग नागपूर, आणि तिथून अख्खा महाराष्ट्र ओलांडायचा. त्यासाठी सरासरी पाच-सहा हजार बाजूला ठेवा. उरतात ५४-५५ हजार. म्हणजे वर्षाचा फरक फार तर ५०-६० हजारांचा. बाबांचं म्हणणं खरंच आहे, एवढ्यासाठी कुणी लांब जात नाही. पण त्याच हिशेबाची दुसरी बाजू त्यांना दाखवा: तिथे गेल्याने तुमचं काही बुडतही नाही. इच्छा असेल तर पैसा आडवा येत नाही.

हा पाच हजारांचा फरक आजचा नाही. २०२० साली कोविडच्या काळात बंधपत्रित, म्हणजे बॉण्डवरच्या, डॉक्टरांचं मानधन वाढलं: आदिवासी भागात ६० चे ७५ हजार, इतरत्र ५५ चे ७० हजार. वाढ दोन्हीकडे १५ हजारांची झाली, मधलं अंतर जसंच्या तसं राहिलं.

पुढेमागे नियमित सेवेत जायचा विचार केलात तर चित्र आणखी विचित्र दिसेल. वैद्यकीय अधिकाऱ्याची वेतनश्रेणी एस-२०, सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१००. घरभाडे भत्ता मुंबई-पुण्यात ३० टक्के म्हणजे १६,८३०, आणि खेड्यापाड्यांत १० टक्के म्हणजे ५,६१०. सरकारी निवासस्थान मिळालं की तोही बंद. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागासाठी २००२ पासून प्रोत्साहन भत्ता आहे, मूळ वेतनाच्या १५ टक्के, पण कमाल मर्यादा १,५०० रुपये! एकस्तर, म्हणजे एक पायरी वरच्या, वेतनश्रेणीचा लाभ मिळाला तर थोडा आधार होतो, एवढंच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा रात्री अडलेली बाळंतीण सोडवणाऱ्या डॉक्टरला पुण्यातल्या सहकाऱ्यापेक्षा घरभाड्यातच ११ हजार कमी, आणि त्या बदल्यात १,५००. हे मला मुळीच पटत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानात काही राज्यांनी दुर्गम भागातल्या विशेषज्ञांना ‘तुम्ही आकडा सांगा, आम्ही देऊ’ अशी मुभा दिली. साध्या एमबीबीएस डॉक्टरच्या बाबतीतही असाच मोकळा हात हवा.

तुम्ही भामरागडला जावं असं माझं मत आहे, पण हजर होण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. क्वार्टर राहण्याजोगं आहे का, आणि केंद्रात दुसरे वैद्यकीय अधिकारी आहेत का. मंजूर पदं दोन असतात. दुसरं रिकामं असेल तर चोवीस तास तुम्हीच, मग पीजीचा अभ्यास होणार कधी? प्रवेश एक वर्ष लांबला तर त्याची किंमत या पाच हजारांच्या कितीतरी पट आहे. तसं असेल तर त्याच जिल्ह्यात दुसरं केंद्र मागा. बॉण्डच्या वर्षाचा पीजीच्या इन-सर्व्हिस (सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठीच्या) कोट्यात फायदा होईल असं गृहीत धरू नका. त्या वर्षीची प्रवेश पुस्तिका वाचूनच काय ते ठरवा.

मानधन दर महिन्याला वेळेवर येईलच असं नाही, हप्ता मात्र तारखेला कापला जातो. म्हणून पहिले चार महिने कर्जाचा फक्त हप्ता भरा आणि उरलेलं सगळं बचत खात्यात साठू द्या. तेवढ्यात सव्वा लाखाच्या पुढे रक्कम जमेल. पाचव्या महिन्यापासून हप्ता धरून ४० हजार कर्जात टाका. फ्लोटिंग (बदलत्या) व्याजाचं कर्ज आधी फेडल्याचा दंड लागत नाही. वर्षअखेर बाकी साधारण ११ लाख ४० हजारांवर येईल. नुसता हप्ता भरत राहिलात तर ती १३ लाख १५ हजार असेल. एसआयपी वगैरे सध्या नको. साडेदहा टक्क्यांचं कर्ज फेडणं हीच आत्ता तुमची सर्वांत चांगली गुंतवणूक आहे.

आयकराची चिंता नको. वर्षाला ९ लाखांवर नव्या करप्रणालीत कर लागत नाही. मात्र ऑर्डरमध्ये रक्कम पगार म्हणून आहे की व्यावसायिक फी म्हणून, ते बघा. फी असेल तर १० टक्के टीडीएस कापला जाईल, म्हणजे वर्षाचे ९० हजार. रिटर्न भरलं की ते परत मिळतात, नाही भरलं तर ते सरकारजमाच राहतात. तरुण डॉक्टर हे पैसे हमखास सोडून देतात.

आरोग्य विमा निघायच्या निदान महिनाभर आधी घ्या. नव्या पॉलिसीत अपघात सोडून बाकी आजारांना पहिले ३० दिवस संरक्षण नसतं, आणि गडचिरोलीत मलेरिया आहे. कर्जावर सहकर्जदार म्हणून बाबांची सही असेल, बहुतेक असतेच. तुमच्या पश्चात ते कर्ज त्यांच्यावर येऊ नये म्हणून २५ लाखांचा साधा टर्म विमा काढा. या वयात हप्ता अगदी थोडा बसतो. त्याचे कागद बाबांच्या हाती देऊनच नागपूरची गाडी पकडा.