हुकमाचं पान शेवटी ठेवावं का?

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे. लक्ष्मी रोडजवळ ४० वर्षं घड्याळं दुरुस्त केली, अजूनही घरी भिंग लावून बसतात. दीड वर्षापूर्वी डाव्या मूत्रनलिकेच्या कॅन्सरसाठी मूत्रपिंडासकट नलिका काढली. आता आजार फुप्फुसात पसरलाय. मधुमेह आहे, क्रिएटिनिन १.७. डॉक्टर एनफोर्टुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब सुरू करू म्हणतात. काका म्हणतात, आधी साधी केमो घ्या, भारी औषध पुढे उपयोगी पडेल. काय करावं?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : काका मायेपोटीच सांगतायत, पण या आजारात हुकमाचं पान मागे ठेवलं की ते टाकायची वेळ पुष्कळदा येतच नाही. पहिलं औषध लागू पडेनासं होईपर्यंत तब्येत इतकी ढासळते की दुसरं झेपत नाही. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ८८६ रुग्णांच्या चाचणीत सुरुवातीलाच ही जोडी मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) ३१.५ महिने होतं, प्लॅटिनम केमोवाल्यांचं १६.१. शिवाय एका मूत्रपिंडावर आणि या क्रिएटिनिनवर सिस्प्लॅटिन, म्हणजे त्या केमोतलं मुख्य औषध, बाबांना बहुधा देताच येणार नाही. तेव्हा तुमच्या डॉक्टरांचं मला पटतं.

पण तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते भिंग माझ्या मनातून जात नाही. जोडीतलं पेम्ब्रोलिझुमॅब शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडतं. एनफोर्टुमॅब गाठीच्या पेशींवरच्या नेक्टिन-४ या प्रथिनाला चिकटतं आणि पेशीत विष सोडतं. त्याच विषाचा त्रास हातापायांच्या नसांनाही होतो. मधुमेहात त्या आधीच नाजूक, आणि साखरही हे औषध एकाएकी चढवू शकतं. बाबांना दर रविवारी चिमट्याने घड्याळाचा बारीक स्क्रू उचलायला सांगा. तो निसटू लागला, बोटांना मुंग्या आल्या, तर पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना कळवा. डोस कमी करता येतो, पुढे ढकलता येतो. औषध बंद होईल या भीतीने रुग्ण हे लपवतात. माझ्या एका रुग्णाने सांगितलं तेव्हा पायातली चप्पल निसटलेलीही त्याला कळत नव्हती. अंगावर फोड किंवा तोंडात जखमा आल्या तर मात्र त्याच दिवशी फोन करा.

दुसरं काम याच आठवड्यातलं. ऑपरेशनच्या गाठीचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा, त्या लॅबमधून काढून आणा. काडेपेटीहून लहान असतो. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. त्यावर एफजीएफआर-३ या जनुकातल्या बदलाची तपासणी करायची. मूत्राशयापेक्षा वरच्या नलिकेच्या कॅन्सरमध्ये हा जनुकीय बदल जास्त आढळतो. तो असला तर पुढच्या टप्प्यावर एर्डाफिटिनिबच्या गोळ्या देता येतात. आधीचे उपचार लागू पडेनासे झालेल्या अशा रुग्णांत या गोळ्यांवर मध्यक आयुष्य १२.१ महिने होतं, केमोवर ७.८. त्यातल्या बहुतेक रुग्णांनी आधी बाबांची ही जोडी घेतलेली नव्हती, तरी मी याच क्रमाने जाईन. गोळ्यांवर असताना रक्तातलं फॉस्फेट आणि डोळे तपासत राहावं लागतं. बदल नसला तर कार्बोप्लॅटिन-जेमसिटाबिन ही केमो. तेव्हा नसा कितपत शाबूत आहेत हे पाहावंच लागेल. रिपोर्टला काही आठवडे जातात, आजार वाढल्यावर ब्लॉक शोधायला निघणं परवडत नाही. त्याच ब्लॉकवर हर-२ या प्रथिनाचीही तपासणी करून घ्या, त्यावर बेतलेलं औषधही असतं.

घराण्यात कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता का, हे काकांना विचारा. असेल तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे हे कॅन्सर आणि मूत्रनलिकेचाही कॅन्सर घराण्यात आणणाऱ्या आनुवंशिक दोषाची, तपासणी तुम्हा भावंडांसाठीही महत्त्वाची.

आणि पहिला डोस घेण्याआधी एकदा बाबांच्या हातून स्क्रू उचलून बघाच. नंतरची तुलना त्याच दिवसाशी करायची आहे.