वाचकांचे प्रश्न : इंजिन तेच, मग कोड का अडतो?

प्रश्न : क्रोममध्ये नीट चालणारी जावास्क्रिप्ट फाइल नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) चालवली की 'डॉक्युमेंट इज नॉट डिफाइन्ड' असा एरर येतो. दोन्हीकडे जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही8 इंजिनच आहे ना?

उत्तर : आहे. पण 'डॉक्युमेंट' इंजिनात नसतंच. व्ही8ला कळते ती भाषा : व्हेरिएबल, फंक्शन, अ‍ॅरे, प्रॉमिस. 'डॉक्युमेंट', म्हणजे उघडलेलं वेबपान, ही ब्राउझरची भर, आणि फाइली वाचणारं 'एफएस' मॉड्यूल ही नोडची. इंजिनाभोवतीचा हा सगळा सरंजाम, कामं रांगेत लावणाऱ्या इव्हेंट लूपसकट, म्हणजे रनटाइम. नोडमध्ये तो लूप लिबयूव्ही ही सी लायब्ररी सांभाळते.

खरी फसगत होते ठरावीक वेळाने फंक्शन चालवणाऱ्या 'सेटटाइमआउट'पाशी. ते भाषेतलंच वाटतं, पण एक्मास्क्रिप्टच्या, म्हणजे जावास्क्रिप्टच्या अधिकृत मानकाच्या, व्याख्येत ते नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ते चालवा, परत साधा आकडा येईल. तीच ओळ नोडमध्ये 'टाइमआउट' नावाचं ऑब्जेक्ट देते. म्हणून टाइपस्क्रिप्टमध्ये (टाइप जोडलेली जावास्क्रिप्ट) टायमरचा टाइप 'नंबर' लिहिला, की नोडचे टाइप बसवलेल्या प्रोजेक्टात कंपायलर तक्रार करतो. तिथे 'रिटर्नटाइप<टाइपऑफ सेटटाइमआउट>' लिहा, दोन्हीकडे भागेल.

याच्या उलट बन हा दुसरा रनटाइम. त्यात इंजिन सफारीचं, जावास्क्रिप्टकोर. तरी नोडसाठी लिहिलेला बराचसा कोड चालतो, कारण भोवतालचा सरंजाम नोडसारखा ठेवलाय. कोड अडला तर आधी बघा : अडलेलं नाव भाषेतलं की रनटाइमचं? बहुतेक वेळा रनटाइमचंच निघतं.

प्रश्न : व्ही8सुद्धा बाइटकोड (मूळ कोड आणि मशीन कोड यांच्या मधलं रूप) बनवतं. मग जेव्हीएम (जावा व्हर्च्युअल मशीन) 'मशीन' आणि व्ही8 'इंजिन' असं का?

उत्तर : आतून फारसा फरक नाही. फरक आहे तो बाइटकोड कुणासाठी आहे याचा. जावाची क्लास फाइल, म्हणजे कंपाइल झालेला बाइटकोड, हा जाहीर करार आहे : 2014च्या जावा 8ची फाइल जावा 21लाही वाचता येते, आणि कोटलिन या दुसऱ्या भाषेचा कंपायलरही तीच बनवतो. व्ही8चा बाइटकोड मात्र घरातला मामला. 2008 साली व्ही8 आलं तेव्हा ते बाइटकोड न बनवता थेट मशीन कोड काढायचं. 2017मध्ये बाइटकोड चालवणारा इग्निशन इंटरप्रिटर सगळीकडे लागू झाला, पण त्यासाठी कुणाला आपली वेबसाइट बदलावी लागली नाही. पायथॉनची बाइटकोडची '.पीवायसी' फाइलही अशीच : 3.11ची 3.12ला दिली की 'बॅड मॅजिक नंबर' असा एरर.

'व्हर्च्युअल मशीन' म्हटलं की आठवणारं व्हर्च्युअलबॉक्स हे वेगळंच प्रकरण. तिथे अख्खा संगणक उभा राहतो, त्यात स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टीम बसवावी लागते. जेव्हीएम ही यजमान सिस्टीमवरची एक साधी प्रोसेस.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर चालणारी जार (क्लास फाइलींचं गाठोडं) सर्व्हरवर 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' म्हणते. त्यात 65.0 आणि 61.0 हे आकडे दिसतात.

उत्तर : हे क्लास फाइलचे व्हर्जन आकडे; त्यातून 44 वजा केले की जावाचं व्हर्जन मिळतं. फाइल जावा 21ची, सर्व्हर जावा 17चा. क्लास फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडलीत तर पहिले 4 बाइट 'सीए एफई बीए बीई' दिसतील, आणि सातवा-आठवा बाइट 00 41. हेक्समधले 41 म्हणजेच 65.

सर्व्हरवर जावा 21 चढवा, नाहीतर जावाच्या 'जावासी' कंपायलरला '--रिलीज 17' देऊन पुन्हा कंपाइल करा. जुने '-सोर्स 17 -टार्गेट 17' वापरू नका. त्याने फाइलवरचा आकडा 61 होतो, पण लायब्ररी 21चीच तपासली जाते. कोडमध्ये लिस्टवर 'गेटफर्स्ट' असेल, तर ती मेथड 21मध्ये आलेली असल्याने कंपाइल बिनबोभाट होईल आणि सर्व्हरवर ती ओळ आल्यावर 'नो सच मेथड एरर' येईल. '--रिलीज' हीच चूक कंपाइल करतानाच पकडतो.