लिस्ट परत पाठवतेय, त्यातलं एकच ठेव

बाळा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला होता पण उत्तर मुद्दाम सकाळी लिहितेय, कारण लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, काय सोडायचं आणि काय करायचं याची तुझी ती लिस्ट बघून आधी मला हसू आलं आणि मग जरा काळजीच वाटली. मांस बंद, गोड बंद, सोशल मीडिया बंद, पहाटे पाचला उठून बायबल, रोज मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), रोज क्रुसाची वाट (येशूच्या शेवटच्या प्रवासाच्या चौदा स्थानांवरची प्रार्थना), कोणावर चिडायचं नाही, वर एक वेळचं जेवण सोडायचं, आणि हे सगळं राखेच्या बुधवारपासून, म्हणजे कपाळावर राख लावून लेंट सुरू होतो त्या दिवसापासून, एकदम! अरे, पहिला रविवार यायच्या आत तू थकून जाशील आणि मग "मला जमत नाही" म्हणून सगळंच सोडून देशील, हे मी स्वतःवरून सांगतेय.

तुझ्याहून थोडी मोठी असताना मी एकदा असाच कडक लेंट पाळला होता. खाण्यापिण्यात एक दिवस चूक नाही, मोजून मापून सगळं. आणि घरात मी कशी होते विचार, सतत वैतागलेली, भांडी आपटणारी, कोणी काही विचारलं की फटकन तोडून बोलणारी. शेवटी माझी लहान पोरगी म्हणाली, मम्मी, तू जेव ना काहीतरी. त्या दिवशी मी यशया ५८ उघडून वाचला, तिथे देव हेच बोलतोय की तुम्ही उपवास करता आणि भांडता, असला उपवास मला नको, भुकेल्याला तुझी भाकर वाटून दे. चाळीस दिवस मी उपाशी राहिले पण त्या उपाशी राहण्याचा कोणालाच काही उपयोग झाला नाही, मलाही नाही.

आता तुझा पहिला प्रश्न, चाळीस दिवस मोजायचे कसे. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मोजलेस तर ४६ भरतात, त्यातले सहा रविवार काढायचे, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस आणि त्या दिवशी उपवास नसतो. ही चाळीसची गोष्ट जुनी आहे, ३२५ सालच्या निकेयाच्या, म्हणजे बिशपांच्या मोठ्या परिषदेच्या नियमांतसुद्धा ईस्टरआधीच्या या चाळीस दिवसांचा उल्लेख सापडतो.

कॅथलिक मंडळीचा नियम तुझ्या लिस्टपेक्षा कितीतरी सोपा आहे, ते बघून मलाच पूर्वी नवल वाटायचं. सक्तीचा उपवास फक्त दोन दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तोही १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंतच्या लोकांना. म्हणजे काय तर दिवसात एकदा पोटभर आणि दोनदा थोडंसं, ती दोन थोडी मिळून एक पूर्ण जेवण होऊ द्यायचं नाही. मांस सोडायचं ते १४ वर्षांपासून पुढे, या दोन दिवशी आणि लेंटच्या शुक्रवारी, शुक्रवारचा तपशील प्रत्येक देशातले बिशप ठरवतात तेव्हा ते आपल्या फादरना विचार. आजारी माणसाला, गरोदर बाईला सूट आहे. आणि ज्याचं खाण्याशी नातं आधीच बिघडलंय त्याने जेवण सोडायच्या फंदातच पडू नये, दुसरं काहीतरी सोडावं. तुझ्या लिस्टच्या तळाशी "वजनपण कमी होईल" लिहिलंयस, ते आधी खोड. त्याला डाएट म्हणतात.

तुझा तो मित्र म्हणतो ना की आमच्या चर्चमध्ये हे सगळं मानत नाहीत, बायबलमध्ये लेंट हा शब्दच नाही. त्याच्याशी वाद घालू नकोस. १५२२ च्या लेंटमध्ये ज्युरिकला एका छापखानेवाल्याच्या घरी लोकांनी सॉसेज खाल्ले आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला, तिथला धर्मसुधारक पाद्री झ्विंग्ली हजर होता, त्याने स्वतः खाल्लं नाही पण पुढे प्रवचनातून खाणाऱ्यांची बाजू घेतली. तर तुझ्या मित्राचं म्हणणं पाचशे वर्षांचं जुनं आहे आणि त्यात तथ्यही आहे, पण आता कितीतरी प्रोटेस्टंट मंडळ्या हे दिवस आपल्या पद्धतीने पाळतात, गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर मनन करतात. ऑर्थोडॉक्स लोकांकडे, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांत, तर राख नसतेच, त्यांचा काळ सोमवारी सुरू होतो आणि आदल्या रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये माणसं एकमेकांसमोर उभी राहून क्षमा मागतात. मला विचारशील तर सुरुवात अशीच हवी, ज्याच्याशी तुझं बोलणं बंद आहे त्याला त्या रविवारी फोन कर, मग खुशाल उपवास कर.

बाळा, लेंटमध्ये चर्चकडे नीट बघितलंस का कधी? सगळं काढत काढत नेलेलं असतं. वेदीवरची फुलं जातात, आलेलुया गायचं थांबतं, गौरवगीत नसतं, जांभळं वस्त्र येतं, काही ठिकाणी शेवटच्या दोन आठवड्यांत क्रूसही कापडाने झाकतात. मग पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी आणि प्रभूभोजनाची मिस्सा झाली की वेदीवरचं कापडसुद्धा काढतात, घंटा गप्प. शुक्रवारी फादर काही न बोलता आत येतात आणि सरळ जमिनीवर पालथे पडतात, त्या दिवशी मिस्सा होतच नाही. आणि शनिवारी दिवसभर काहीच नाही. तो शनिवार मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्या दिवशी करण्यासारखं काही नसतं आणि आपल्याला काही न करता बसता येत नाही हे तेव्हा कळतं.

म्हणून म्हणते, एकच गोष्ट काढ. फोन काढलास तर फोन, पण त्या जागी लगेच दुसरं काही भरू नकोस. जेवताना किंवा झोपताना हात आपोआप फोनकडे जाईल, तेव्हा हात रिकामा ठेवून दोन मिनिटं बसायचं, तीच तुझी प्रार्थना समज, शब्द सुचले तर ठीक नाही सुचले तरी ठीक. जो वेळ किंवा पैसा वाचेल तो मात्र कोणाला तरी द्यायचा, कारण मत्तय ६ मध्ये येशू दान, प्रार्थना आणि उपवास तिन्ही एकापाठोपाठ सांगतो, आणि तिन्हींच्या बाबतीत म्हणतो की गुप्तपणे कर. उपवास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, असं. त्यामुळे "मी लेंटसाठी ऑफलाइन जातोय" असं स्टेटस टाकू नकोस प्लीज.

आणि मोडलं तर? मोडणारच. माझं दर वर्षी मोडतं. मोडल्यावर दुसऱ्या दिवशी डबल शिक्षा करून घ्यायची नाही, पुन्हा तिथूनच सुरू करायचं, आणि मनाला लागलंच असेल तर पापनिवेदनाला जाऊन ये.

घरच्यांना तुझ्या उपवासात ओढू नकोस. सगळ्यांनी मिळून काही करायचंच तर आठवड्यातून एकदा, शुक्रवार बरा, टीव्ही बंद करून एक मेणबत्ती लावा आणि दहा मिनिटं मार्कच्या शुभवर्तमानातलं दुःखसहन, म्हणजे येशूच्या अटकेची आणि क्रुसावरच्या मरणाची कथा, थोडं थोडं वाचा. वाचून झाल्यावर अर्थ समजावत बसू नकोस, कोणाला बोलायचं असेल तर बोलेल. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं घरी करायची असतील तर एका दिवशी सगळी कोंबू नका, दोन किंवा तीन पुरे.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मात्र लेट पोचू नकोस. त्या दिवशी झावळ्या हलवून होसान्ना म्हणत येशूचा जयजयकार करणारे आपणच असतो आणि थोड्याच वेळात दुःखसहनाचं वाचन येतं, त्यात गर्दीची वाक्यं बऱ्याच ठिकाणी लोकांनी म्हणायची असतात, "त्याला वधस्तंभी द्या". इतकी वर्षं झाली तरी ते वाक्य म्हणताना माझा आवाज बसतो. तू मोठ्याने म्हणून बघ.

बाकी काय लिहू. गेल्या वर्षीची झावळी अजून तुझ्या टेबलावरच्या क्रुसामागे खोचलेली असेल तर बुधवारच्या आधी चर्चमध्ये देऊन ये, बहुतेक ठिकाणी तीच जाळून कपाळावर लावायची राख करतात.

तुझी,
आंटी