केअर वर्करसाठीचं (वृद्ध किंवा आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठीचं) अनुदानित डिजिटल प्रशिक्षण निवडताना काय बघावं?

आधी अनुदानात काय काय धरलंय ते विचारा: नुसती फी, की शिकण्याच्या तासांचा पगार आणि बदली माणसाचा खर्चही? फक्त फी मिळत असेल तर लोक ड्युटी संपल्यावर दमून बसतात आणि कोर्स अर्ध्यात सोडतात.

अभ्यासक्रमात एक्सेलपेक्षा टॅबलेटवर रोजच्या नोंदी करण्याचा सराव जास्त हवा. ‘पाणी बऱ्यापैकी प्यायल्या’ ही नोंद मोजता येत नाही. ‘१०.१५, पाणी १५० मिली’ असं लिहिलं तर दिवसाची बेरीज लागते आणि पाणी कमी जातंय हे वेळेत कळतं. नोंद काम झाल्या झाल्या करायची. शिफ्ट संपताना सगळं एकदम भरलं की ॲपमध्ये त्या क्षणाचीच वेळ पडू शकते, मग गोळी खरंच कधी दिली हे कुणालाच सांगता येत नाही. कालची नोंद कॉपी करणं तर त्याहून धोक्याचं, कारण त्यात आजची नवी जखमही दडून जाते.

लॉगिन प्रत्येकाचं वेगळं हवं. नेटवर्क गेल्यावर नोंद सिंक झाली का, म्हणजे मुख्य सिस्टीमवर पोचली का, हे तपासायला शिकवतात ना, तेही विचारा. आणि सराव बनावट नावांवरच व्हायला हवा, खऱ्या माणसांच्या माहितीवर अजिबात नाही.